तेलाचे एंजिन आणि तारेचे एंजिन

यंदाच्या वसंत व्याख्यानांत आम्ही आगगाडीच्या एंजिनांवर बोलणार, असे कळल्यावर एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, “अहो, हा विषय इतिहासाचा की कारखान्याचा?” प्रश्न रास्त होता. डिझेलचे एंजिन चांगले की विजेचे, एवढेच ठरवावयाचे असेल तर तो विषय कारखान्याचा खरा, आणि त्याचे उत्तर कोणीही अभियंता पाव तासात देईल. परंतु नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका दरिद्री देशाने आपल्या हजारो वाफेच्या एंजिनांच्या जागी काय आणावे, त्यासाठी पैसा कोठून उभा करावा, कोणाच्या खाणीवर व कोणाच्या तेलविहिरीवर विसंबावे, आणि एकदा घेतलेल्या निर्णयाचे ओझे किती पिढ्यांनी वाहावे, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत. शिवाय या कथेचा आरंभ आपल्या दारातच, बोरघाटात, झालेला आहे. तेव्हा घाटावरच्या श्रोत्यांपुढे ती सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

प्रथम दोन शब्द यंत्रांविषयी. डिझेल एंजिन म्हटले की मोटारलॉरीच्या जातीचे काही तरी दांडगे यंत्र आपल्या डोळ्यांपुढे येते. वस्तुतः आपल्या रुळांवर धावलेली बहुतेक मोठी डिझेल एंजिने अखेर विजेवरच चालतात. त्यांच्या पोटात तेलावर चालणारे यंत्र असते. ते जनित्र फिरविते. जनित्राची वीज चाकांशेजारच्या मोटारींना मिळते आणि त्या मोटारी चाके फिरवितात. म्हणजे डिझेल एंजिन हे आपले वीजघर पाठीवर घेऊन हिंडणारे विजेचे एंजिनच होय. दुसऱ्या जातीचे एंजिन वीजघर घरी ठेवते आणि डोक्यावरच्या तारेतून वीज घेत जाते. पहिला प्रवासी शिदोरी बांधून निघालेला. दुसरा वाटेवरच्या खानावळींच्या भरवशावर हात हलवीत निघालेला.

या एका भेदातून बाकीचे सारे भेद निघतात. शिदोरीवाला कोठेही जाऊ शकतो. रूळ असले की पुरे. परंतु तेल, यंत्र आणि जनित्र यांचे सारे वजन त्याने स्वतःच ओढावयाचे, आणि त्याची ताकद पोटातल्या यंत्राएवढीच. चढावर जीव गेला तरी त्याहून तसूभर अधिक नाही. दुसऱ्याच्या मागे सबंध वीजघर उभे असते. त्याच वजनात तो अधिक शक्तीचा होतो, आणि क्षणभर जास्त जोर लावावा लागला तर मोटारी तापेपर्यंत लावूही शकतो. मात्र त्याच्यासाठी शेकडो मैल खांब रोवून तार आधी ताणावी लागते आणि तो खर्च पहिली गाडी निघण्यापूर्वी करावा लागतो. ज्या मार्गावर दिवसाकाठी चार गाड्या जातात तेथे हा खर्च कधीच फिटणार नाही. जेथे दर दहा मिनिटांस गाडी आहे तेथे तो लवकर फिटतो. डिझेलचा खर्च एंजिनागणिक वाढतो. विजेचा बराचसा खर्च मार्गागणिक बसतो. सगळ्या देशांत सगळे वाद या दोन वाक्यांभोवती घोटाळले आहेत.

आता घाटाकडे वळू. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. दहा वर्षांनी, १८६३ साली, बोरघाटाचा मार्ग खुला झाला. सुमारे १८०० फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आणि ३७ फुटांस एक फूट असा उभा चढ. हा चढ बांधताना किती मजूर पटकीने व सुरुंगाने गेले याची कहाणी वेगळी आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात पाऊल ठेवताच वारला आणि त्याची विधवा अ‍ॅलिस हिने काम तडीस नेले, एवढाच उल्लेख येथे करून पुढे जातो. खंडाळ्याजवळ डोंगर इतका अंगावर येत असे की गाडी एका टोकाशी नेऊन थांबवीत आणि तोंड फिरवून पुन्हा वर काढीत. वाफेच्या एंजिनाची परीक्षा पाहावयाची तर याहून कठीण जागा नव्हती. वाफेचे एंजिन आपल्या कोळशातील उष्णतेच्या शंभर भागांपैकी सहा-सातच भाग चाकांपर्यंत पोचविते. बाकीचे धुराड्यातून जातात. बोगद्यात तो धूर जातो कोठे, तर डब्यांत. चढावर ही एंजिने दमत, खाली उतरताना लाकडी-लोखंडी अडण्या तापून लाल होत, आणि उतरत्या गाडीचा ताबा सुटला तर तिला डोंगरावर चढवून थांबविण्याची सोय करून ठेवावी लागे.

त्यातून मुंबई इलाख्यास कोळसा जवळचा नव्हता. राणीगंज व झरिया येथील कोळसा हजार मैलांवरून यावयाचा, म्हणजे कोळसा ओढण्यासाठी आधी कोळसा जाळावयाचा. उलट सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून १९१५ साली टाटांनी खोपोलीस वीज काढून दाखविली होती. घाट, गर्दी आणि महाग कोळसा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी मुंबईस धावली. दिवस ३ फेब्रुवारी १९२५, मार्ग व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला, दाब १५०० व्होल्ट, प्रवाह एकदिश, ज्याला आपण बोलताना डी. सी. म्हणतो. १९२८ साली पश्चिमेकडच्या बी. बी. अँड सी. आय. कंपनीनेही बोरीवलीपर्यंत तार नेली. १९२९ साली तार घाट चढून पुण्यास आली, त्याच सुमारास खंडाळ्याची ती उलट फिरण्याची जागा टाळून नवी वळणवाट काढण्यात आली, आणि १९३० साली थळघाट चढून तार इगतपुरीस पोचली. १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली, हे येथील लहान मुलालाही ठाऊक असावे.

घाटांतल्या मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंड व इंग्लंड येथून एकूण ४१ एंजिने आणली होती. मधोमध खोली, पुढेमागे लांब नाक, आणि वळणावर तीन ठिकाणी लवणारे शरीर. युरोपात या घाटाच्या एंजिनाला ‘मगर’ म्हणतात. आपल्याकडच्या कामगारांनी त्याला ‘खेकडा’ केले. आम्हांस हे नाव अधिक समर्पक वाटते. त्याची शक्ती सुमारे २६०० अश्वांची होती, हा आकडा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे. शिवाय उतारावर मोटारींचीच जनित्रे करून तारेत वीज परत ढकलण्याची कला त्याला अवगत होती, म्हणजे खाली येणारी गाडी वर जाणाऱ्या गाडीला हात देई. वाफेला हे कधीच साधले नसते. आणि डिझेलच्या डोक्यावर तारच नसल्याने त्यालाही ते साधत नाही.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. जी. आय. पी. रेल्वेने आपल्या विजेसाठी कल्याणजवळ चोळे येथे स्वतःचे वीजघर बांधले आणि ते कोळशावर चालणारे होते. सह्याद्रीचे पाणी शेजारी असताना कोळसा पुन्हा आलाच. फरक एवढा की तो आता घाटाच्या पायथ्याशी थांबला. खंडाळ्याच्या बोगद्यात शिरला नाही.

इतक्या चांगल्या आरंभानंतर पुढे काय झाले? काहीच नाही, असेच म्हणावे लागते. १९३१ साली मद्रासला बीच ते तांबरम ही लहान मापाची उपनगरी लाईन विजेवर आली आणि काम थांबले. जागतिक मंदीने कंपन्यांच्या तिजोऱ्या आटल्या, मग महायुद्ध आले, मग फाळणी. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात विजेच्या मार्गांची लांबी ३८८ किलोमीटर होती. १९५०-५१ साली रेल्वेपाशी वाफेची ८१२० एंजिने होती, विजेची ७२ आणि डिझेलची अवघी १७. पुण्यापुरते बोलावयाचे तर १९२९ साली येथे आलेली तार ऐंशीहून अधिक वर्षे येथेच थांबून राहिली. आमच्या लहानपणी पुण्यास येईपर्यंत गाडीत कपडे स्वच्छ राहत, आणि पुण्याच्या पुढे दौंडच्या वा मिरजेच्या वाटेवर खिडकीशी बसलेल्या मुलाच्या डोळ्यांत कोळशाचा कण गेलाच म्हणून समजावे. आई पदराच्या टोकाने तो कण काढी आणि आम्ही दुसऱ्या क्षणी पुन्हा खिडकीतून डोके बाहेर काढीत असू. एकाच प्रवासात दोन युगे भेटत. त्या वयात त्याचे नवल वाटत नसे.

स्वातंत्र्यानंतर निर्णयाची वेळ आली ती दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर येथे पोलादाचे कारखाने उभे राहावयाचे होते; त्यांस लोखंडाचे खनिज व कोळसा पोचवावयाचा आणि तयार पोलाद देशभर न्यावयाचे. पूर्वेकडच्या मार्गांवर वाफेच्या एंजिनांनी एवढे ओझे ओढणे शक्य नव्हते. आणि नेमक्या याच वेळी जगातील विजेच्या रेल्वेत एक मोठे मन्वंतर घडत होते.

ते समजून घेणे जरूर आहे, कारण आमच्या मते साऱ्या कथेचा कणा तेथे आहे. रेल्वेच्या मोटारी एकदिश प्रवाहावर उत्तम चालतात, पण एकदिश वीज फार उंच दाबाने मोटारींना देता येत नाही आणि तिचा दाब सहज कमी-जास्तही करता येत नाही. आता साधा हिशोब पाहा. एका मालगाडीस ३००० किलोवॅट लागत असतील, तर १५०० व्होल्टच्या तारेतून २००० अँपिअर प्रवाह वाहावा लागतो. त्यासाठी मनगटाएवढे तांबे टांगावयाचे आणि दर काही मैलांवर उपकेंद्र बांधावयाचे. तोच दाब २५,००० व्होल्ट केला तर प्रवाह १२० अँपिअरवर येतो. तार बारीक, खांब हलके, उपकेंद्रे पन्नास-साठ किलोमीटरवर एक. मग हे आधीच का केले नाही? कारण इतक्या दाबाची वीज प्रत्यावर्ती, म्हणजे ए. सी., असावी लागते. जर्मनी व स्वित्झर्लंड यांनी प्रत्यावर्ती वीज वापरली खरी, पण ती निराळ्या मंद गतीच्या आवर्तनांची होती आणि तीसाठी रेल्वेस वेगळी वीजघरे राखावी लागत. गिरणीला व घरातल्या दिव्याला जी वीज जाते तीच सरळ एंजिनास देता येईल काय, असा तो प्रश्न होता.

हंगेरीतील काल्मान कांडो या अभियंत्याने तो ध्यास घेतला होता; १९३१ साली तो वारला आणि पुढच्या वर्षी त्याची एंजिने बुडापेस्टच्या मार्गावर धावू लागली. जर्मनांनी १९३६ साली काळ्या अरण्यातील होलेनथाल मार्गावर हाच प्रयोग केला. युद्धानंतर तो प्रदेश फ्रेंचांच्या ताब्यात आला, तेव्हा तेथील यंत्रे पाहून फ्रेंच रेल्वेच्या लुई आर्मां यांनी आल्प्समधील एक्स-ले-बँ येथून निघणारा एक बाजूचा मार्ग प्रयोगासाठी निवडला. एंजिनाच्या आतच पाऱ्याच्या वाफेचे एकदिशकारक बसवावे, वरून ए. सी. घ्यावी आणि मोटारींना डी. सी. द्यावी, ही युक्ती तेथे पक्की झाली. १९५४ साली फ्रान्सच्या ईशान्येकडील कोळसा-पोलादाच्या व्हालेन्सिएन-थिओव्हील मार्गावर ती मोठ्या प्रमाणात उतरली, आणि १९५५ साली लील येथे जगभरच्या रेल्वेवाल्यांना बोलावून फ्रेंचांनी आपला माल दाखविला. कोळसा आणि पोलाद! आपल्या रेल्वे बोर्डाला याहून जवळचे उदाहरण मिळणे शक्य नव्हते.

परंतु सरकारी चाके सावकाश फिरतात. कलकत्त्याच्या उपनगरांसाठी ३००० व्होल्टच्या डी. सी.चा निर्णय आधीच झालेला होता आणि १९५७ च्या डिसेंबरात हावडा-शेवडाफुली मार्गावर ती गाडी सुरूही झाली. त्याच १९५७ साली रेल्वेने यापुढे २५,००० व्होल्टची ए. सी. हीच पद्धत राहील असे ठरविले आणि फ्रेंच रेल्वेस सल्लागार नेमले. एका वर्षात एका पद्धतीचे उद्घाटन आणि तिच्या मृत्युपत्रावर सही! साठच्या दशकातच कलकत्त्याची तार बदलून टाकावी लागली. यात कोणास हसू आले तर येवो, पण आम्ही रेल्वे बोर्डाला दोष देण्यास तयार नाही. नव्या पद्धतीचा पुरता पुरावा येऊन दोनच वर्षे झाली होती. इतक्या थोड्या काळात आपला चालू निर्णय मोडून नवा घेणे हे धाडसच होते. ब्रिटननेही १९५६ साली हीच पद्धत स्वीकारली, तेव्हा आपण त्यांच्या मागे एका वर्षाहून अधिक नव्हतो. नोव्हेंबर १९५९ मध्ये पहिले ए. सी. एंजिन युरोपातून आले. त्यास तत्कालीन रेल्वेमंत्री जगजीवनराम यांचे नाव देण्यात आले. सिंगभूमच्या खनिजमार्गावर राजखरसावान ते डांगोआपोसी हा पहिला टप्पा तयार झाला.

आणि चित्तरंजनच्या कारखान्यात १४ ऑक्टोबर १९६१ रोजी नेहरूंच्या हस्ते जे पहिले भारतीय बनावटीचे विजेचे एंजिन बाहेर पडले, त्याचे नाव काय असावे? ‘लोकमान्य’. ते जुन्या १५०० व्होल्ट डी. सी.चे होते, म्हणजे ज्या पद्धतीला रेल्वेने चार वर्षांपूर्वी निरोप दिला होता तिचेच. पण मुंबई-पुण्यास त्याची गरज होती. लोकमान्यांचे नाव घेऊन एक एंजिन मुंबईहून पुण्यास घाट चढून येते, हे पाहून त्या काळच्या किती वृद्धांना गहिवरून आले असेल!

आता तेलाच्या एंजिनाकडे वळू. वीज ठरली होती, मग डिझेल आले कसे? उत्तर सोपे आहे: तार ताणावयास वर्षे लागतात, आणि पोलादाचे कारखाने वाट पाहत नाहीत. १९५७ पासून अमेरिकेतील अल्को कंपनीची शंभर डिझेल एंजिने आली आणि पूर्व भारतातील कोळसा-खनिजाच्या मार्गांवर ती लावण्यात आली. रूळ तेच, फलाट तेच, पाण्याच्या टाक्या नकोत, राख नको. जहाजातून उतरविले की कामास लागले. पुढे कारखाना काढावयाचे ठरले तेव्हा अमेरिकेतीलच जनरल मोटर्स आणि अल्को अशा दोघांची एंजिने आणून पाहिली आणि अल्कोशी करार झाला. वाराणसीच्या कारखान्यातून निघालेले पहिले एंजिन ३ जानेवारी १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाले. त्याची शक्ती २६०० अश्वांची होती. मघाशी लक्षात ठेवावयास सांगितलेला आकडा तो हाच. १९२८ च्या सुमारास बोरघाटात खेकड्यापाशी जेवढी ताकद होती तेवढीच पस्तीस वर्षांनंतरच्या आपल्या उत्तम डिझेलपाशी होती. याचा अर्थ डिझेल वाईट असा नव्हे. वाराणसीने या जातीची अडीच हजारांहून अधिक एंजिने बांधली. ती काटक होती, खेड्यातल्या शेडमध्ये दुरुस्त होत, आणि मूळ अल्को कंपनी १९६९ साली बंद पडल्यावरही आपल्याकडे तीस वर्षे बनत राहिली. आम्ही तर म्हणू की, परक्याचे यंत्र घेऊन ते खऱ्या अर्थाने आपले करण्याचा इतका सलग दाखला आपल्या उद्योगांत फार सापडत नाही.

१९६९ साली हावडा-दिल्ली राजधानी एक्सप्रेस सुरू झाली ती डिझेलवरच; त्या मार्गाची तार दिल्लीपर्यंत पुरी व्हावयास १९७६ साल उजाडले. म्हणजे डिझेलने आपले काम चोख केले. गोम अशी की तात्पुरता म्हणून आणलेला पाहुणा घरधनी झाला. १९८०-८१ साली डिझेलची २४०३ एंजिने होती आणि विजेची १०३६. दहा वर्षांनी डिझेलची ३७५९ झाली व विजेची १७४३. मधल्या काळात, १९७३ साली, अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव चौपटीने वाढले आणि परदेशी चलनाची तिजोरी तेलात बुडू लागली. त्या वेळी तरी तारेचे काम झपाट्याने व्हावयास हवे होते. झाले काय? १९७०-७१ साली विजेचे मार्ग ३७०६ किलोमीटर होते, ते दहा वर्षांत ५३४५ झाले. ज्या दशकात तेल महागले त्या दशकात आपण वर्षास सरासरी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर तार ताणली! १९७४ साली बॉम्बे हाय येथे समुद्रात तेल सापडले, त्याने दिलासा मिळाला हे खरे. पण आमची शंका अशी की, त्या दिलाशाने थोडी झोपही आणली.

यावर त्या काळचे रेल्वेवाले जे उत्तर देत ते ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणत की पैसा एक आहे आणि मागण्या शंभर आहेत. त्याच रकमेत रूळ बदलावयाचे, लहान मापाचे मार्ग मोठे करावयाचे, पूल बांधावयाचे. तार ताणली तर वीज तरी कोठे आहे? सत्तरच्या दशकात राज्याराज्यांत वीजकपात होती. कारखान्यांना आठवड्यातून सुटी घ्यावी लागे. अशा स्थितीत सारी रेल्वे वीजमंडळांच्या हवाली करणे त्यांना जोखमीचे वाटले. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले, तेव्हा शेकडो विजेच्या गाड्या होत्या तेथे उभ्या राहिल्या आणि शिदोरीवाले डिझेलच काय ते चालू शकले. खानावळ बंद पडली की हात हलवीत निघालेल्याचे काय होते हे त्या दिवशी साऱ्यांनी पाहिले.

तरीही एकंदरीने पाहता गर्दीच्या मार्गांवर तारेला झालेला उशीर आपल्याला महाग पडला असे आमचे मत आहे. आणि तो पैशातच मोजून भागत नाही. कोकण रेल्वेचे उदाहरण घ्या. १९९८ च्या जानेवारीत ती रोह्यापासून मंगळूरच्या वेशीपर्यंत पुरी झाली. कोकणी माणसाने तीसाठी जवळजवळ शतकभर वाट पाहिली होती. तो मार्ग म्हणजे बोगद्यांची माळ. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. तेथे डिझेलचा धूर काढावयास मोठाले पंखे बसवावे लागले. १८६३ साली बोरघाटात जी अडचण होती, आणि १९२९ साली जिचा उपाय सापडला होता, तीच सव्वाशे वर्षांनी नव्या मार्गावर आपण पुन्हा आपल्या हाताने निर्माण केली. नव्या रेल्वेपाशी पैसा कमी होता आणि आरंभी गाड्याही थोड्या, हे कारण आम्ही जाणतो. हिशोबाने ते बरोबरही असेल. तिची तार २०२२ साली पुरी झाली.

मुंबईची कथा उलट आहे. जिने सर्वांत आधी तार टांगली ती सर्वांत शेवटी अडकली. कलकत्ता, मद्रास यांनी आपल्या डी. सी. तारा साठच्या दशकातच बदलल्या, कारण तेथील पसारा लहान होता. मुंबईत रोज लाखो माणसे त्याच तारेखालून कामास जात. गाड्या थांबविणार कोण? साठच्या दशकाच्या अखेरीस भुसावळकडून ए. सी. तार इगतपुरीस आली आणि तेथे मुंबईची डी. सी. तिला भेटली. मग कित्येक वर्षे प्रत्येक गाडीचे एंजिन इगतपुरीस काढावयाचे व दुसरे लावावयाचे, प्रवाशांनी खाली उतरून चहा-वडा घ्यावयाचा. पुढे दोन्ही विजांवर चालणारी दुभाषी एंजिने करवून घेतली. पश्चिम रेल्वेचे रूपांतर २०१२ साली संपले आणि मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावरची शेवटची डी. सी. गाडी एप्रिल २०१६ मध्ये धावली. १९२५ साली पहिली गाडी त्याच हार्बरच्या वाटेने कुर्ल्यास गेली होती. पुढे असणाऱ्याला पुढे असण्याचा दंड असा भरावा लागतो.

अलीकडचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो श्रोत्यांच्या स्मरणात ताजा आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेने बिहारमध्ये दोन परदेशी कंपन्यांशी दोन मोठे करार केले: मधेपुरा येथे फ्रान्सच्या आल्स्टॉमने १२,००० अश्वशक्तीची ८०० विजेची एंजिने बांधावीत, आणि मढौरा येथे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने १००० डिझेल एंजिने बांधावीत. एकाच महिन्यात, एकाच राज्यात, दोन्ही डगरींवर पाय! दोनच वर्षांत सारे मोठ्या मापाचे मार्ग विजेवर आणावयाचे असा विचार पुढे आला, मढौऱ्याचे काय करावे याची चर्चा सुरू झाली, आणि २०१८ साली मंत्रिमंडळाने संपूर्ण विद्युतीकरणास मंजुरी दिली. त्यानंतर काम ज्या वेगाने झाले तो वेग सत्तरच्या दशकात कोणाच्या स्वप्नातही नव्हता. २०२५ पर्यंत मोठ्या मापाच्या मार्गांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक भागावर तार आली. रेल्वे एके काळी वर्षास अडीच अब्ज लिटरहून अधिक डिझेल जाळीत होती, तो खर्च उतरणीस लागला. २०१८ मध्येच वाराणसीच्या कारखान्याने जुन्या डिझेल एंजिनांचे पोट रिकामे करून त्यांची विजेची एंजिने करून दाखविली, आणि २०२० साली कारखान्याच्या नावातील ‘डिझेल’ हा शब्दही गेला.

या घाईविषयी आमचे मन पूर्णपणे निःशंक नाही. दिवसाकाठी चार गाड्यांच्या मार्गावर तार ताणू नये, हा जुना हिशोब काही खोटा ठरलेला नाही. त्या मार्गांवरचा खर्च तेलाच्या बचतीतून निघेल की सरहद्दीपलीकडच्या तेलावर न विसंबण्याच्या समाधानातून काढावा लागेल, हे पाहावयाचे आहे. कित्येक डिझेल एंजिनांचे अर्धे आयुष्यही संपलेले नव्हते. अपघाताच्या जागी, पुरात, किंवा वीज गेलेल्या रात्री धावून जाण्यास काही डिझेल राखून ठेवावी लागणारच, आणि ती राखणारे हात टिकवावे लागतील. कारण यंत्र शेडमध्ये झाकून ठेवता येते, कारागिरी ठेवता येत नाही. आणि आपल्या विजेचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग अजून कोळशातूनच येतो. खंडाळ्याच्या बोगद्यातून गेलेला धूर चंद्रपूरच्या धुराड्यांतून निघत असेल, तर खंडाळ्याचा प्रवासी सुखी झाला एवढेच खरे. चंद्रपूरच्या माणसास आपण काय सांगणार? विजेच्या बाजूने एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. वीजघर बदलले, कोळशाच्या जागी पाणी, वारा वा ऊन आले, तर एंजिनास त्याचा पत्ताही लागत नाही. ते जसेच्या तसे धावते. डिझेलच्या पोटात तेलच घालावे लागते.

जुने खेकडे नव्वदच्या दशकापर्यंत कोठे ना कोठे डबे ढकलीत होते. त्यांपैकी एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आणि एक मुंबईस नेहरू विज्ञान केंद्रात उभे आहे. मुलांना घेऊन जावे. घाटात मात्र चढ तोच आहे, ३७ फुटांस एक फूट. अजूनही पुण्याकडे येणारी गाडी कर्जतला थांबते, मागून जादा एंजिने लागतात, तेवढ्यात फलाटावरचा वडेवाला आपला धंदा उरकून घेतो, आणि सारी गाडी रेटा खात वर निघते. २०२३ पासून सोलापूरला जाणारी ‘वंदे भारत’ हे काही करीत नाही. तिच्या मोटारी डब्याडब्यांखाली वाटून बसविलेल्या आहेत. ती मागच्या एंजिनाशिवाय घाट चढते आणि कर्जतला थांबतही नाही.